ओझं नेमकं कुठं ठेवायचं?

मराठी ट्रेकर माणसाकडे पाठीवरच्या पिशवीसाठी एकच शब्द आहे: सॅक. आधीच्या पिढीतले लोक तिला हॅवरसॅक म्हणायचे, आता कुणी बॅकपॅक म्हणतं, पण गडाच्या पायथ्याशी एसटीतून उतरल्यावर आरोळी येते ती 'अरे माझी सॅक दे' अशीच. गंमत म्हणजे या शब्दातून आपण नेमका महत्त्वाचा भाग गाळून टाकलाय. जर्मनमध्ये मूळ शब्द रुकसॅक, त्यातला 'रुक' म्हणजे पाठ. हॅवरसॅकचा तर पाठीशी काहीच संबंध नाही, तो मुळात घोड्याच्या ओट्सची पिशवी. जर्मन 'हाफर' म्हणजे ओट्स. घोडेस्वार लोक घोड्याचा खुराक ज्यात ठेवायचे ती पिशवी सैन्यातून फिरत फिरत आपल्याकडे आली आणि आता आपण तिच्यात मॅगी आणि टॉर्च भरून आशेरीला जातो :)

त्याआधी आपल्याकडे काय नव्हतं असं नाही. गाठोडं, बोचकं, वळकटी, झोळी, पडशी... एवढे शब्द आहेत म्हणजे माणसं बरंच काही वाहत होती हे नक्की. पण या सगळ्या झाल्या पिशव्या. आज मला लिहायचंय ते पिशवीबद्दल नाही, तर तिला लागलेल्या काड्या-दांड्या आणि पट्ट्यांबद्दल, म्हणजे फ्रेम आणि स्ट्रॅपबद्दल. कारण सॅकचा खरा इतिहास तिथंच आहे. पिशवीत सामान किती मावतं हा प्रश्न हजारो वर्षांपूर्वीच सुटला. ते सामान शरीराच्या कुठल्या हाडावर ठेवायचं, हा मात्र अगदी १९५० नंतर नीट सुटला. म्हणजे तो नेमका कुणी सोडवला याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, त्याकडे येतोच.

आधी थोडं यंत्रशास्त्र. घाबरू नका, बारावीपुरतंच आहे.

समजा सॅकमध्ये १२ किलो सामान आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पाठीपासून २० सेंमी मागे आहे. खांद्यापासून कमरेपर्यंत अंतर धरू ४५ सेंमी. सॅक मागे लोंबकळू पाहते, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्या तुम्हाला मागे ओढतात आणि सॅकचा खालचा भाग कमरेत ढकलतो. किती? १२ गुणिले २० भागिले ४५, म्हणजे सव्वापाच किलोच्या आसपास. हे १२ किलोच्या वजनाव्यतिरिक्तचं ओढणं. याला उत्तर म्हणून आपण पुढे वाकतो. आता तेच सामान पाठीला चिकटवून गुरुत्वमध्य १२ सेंमीवर आणला तर हे ओढणं ३.२ किलोवर येतं. एकही वस्तू न काढता! जड वस्तू पाठीलगत ठेवा असं प्रत्येक ट्रेक लीडर ओरडून सांगतो त्याचं कारण एवढंच आहे.

पण उरलेले १२ किलो? ते अजून खांद्यावरच आहेत. खांद्याचं हाड म्हणजे गळपट्टीचं बारीक हाड, त्याखालून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा जातो. पट्टी तिथं तासन्‌तास दाबत राहिली की हात बधिर होतो, कधीकधी हात उचलताच येत नाही. सैनिकांमध्ये हा प्रकार इतका दिसतो की डॉक्टर लोकांनी त्याला 'रुकसॅक पाल्सी' असं नावच दिलंय. म्हणून वजन खांद्यावरून काढून कमरेच्या हाडावर न्यायचं, कारण ते हाड रुंद आहे, मजबूत आहे आणि थेट पायांवर उभं आहे. आता नुसत्या कापडी पिशवीला कमरपट्टा शिवून हे होत नाही. कापड फक्त ओढू शकतं, ढकलू शकत नाही. वरचं वजन खाली कमरेवर ढकलायचं तर मध्ये काहीतरी ताठ हवं. काठी, पत्रा, पाइप, काहीही. ते ताठ काहीतरी म्हणजेच फ्रेम.

आता इतिहास. सर्वांत जुना पुरावा मिळाला तो एका प्रेताजवळ. १९ सप्टेंबर १९९१ला ऑस्ट्रिया-इटली सीमेवर आल्प्समध्ये दोन गिर्यारोहकांना बर्फात एक माणूस मेलेला दिसला. आधी वाटलं, अलीकडचाच कुणी अपघातात गेलेला असेल. निघाला सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा. तोच तो ओत्झी. त्याच्या सामानात तांब्याची कुऱ्हाड होती, अर्धवट तयार धनुष्य होतं आणि यू आकारात वाकवलेली हेझलची सुमारे २ मीटर लांब काठी होती, सोबत लार्चच्या लाकडाच्या दोन फळ्या. बहुतेक तज्ज्ञ म्हणतात ही पाठीवरच्या सामानाची फ्रेम. काही म्हणतात, नाही, बर्फावर चालायच्या जोड्याचा भाग. मला पहिलं पटतं, पण त्यामागे फार शास्त्र नाही. एवढ्या उंचीवर चढणारा माणूस सामान हातात धरून जाणार नाही, इतकाच माझा तर्क.

मग पुढची पाचेक हजार वर्षं मी एका वाक्यात उडवतोय, कारण जगभर लोक लाकडाच्या चौकटी पाठीला बांधत होते आणि त्यांची पेटंट कुणी घेत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात सैन्यांना याची गरज पडली. अमेरिकन सैन्यातले हेन्री मेरियम नावाचे अधिकारी होते, त्यांनी शतकाच्या अखेरीस काठ्यांच्या आधाराने वजन कमरेकडे नेणारी सॅक बनवली. कल्पना अगदी बरोबर होती. सैनिकांना मात्र ती आवडली नाही, त्यांना आपली घोंगडी गुंडाळून खांद्यावरून तिरकी बांधायची सवय होती. (आपल्याकडचे मेंढपाळ घोंगडी तशीच टाकतात खांद्यावर.) चांगलं डिझाइन वापरणाऱ्याला पटलं नाही तर काय होतं हे सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

ब्रिटिशांना धडा मिळाला बोअर युद्धात. चामड्याचे पट्टे पावसाने भिजून खराब झाले. मग १९०८मध्ये त्यांनी चामडं सोडून जाड विणलेल्या सुती पट्ट्यांचा संच आणला. वेबिंग म्हणतात तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर नवार! पलंगाला लावायची ती नवारीची पट्टीच, जरा जास्त घट्ट विणलेली. या संचाची खुबी अशी की पुढे काडतुसं आणि मागे पाठपिशवी, दोघांचं वजन एकमेकांना तोलायचं, आणि सगळं मिळून जॅकेटसारखं एकदम घालता-काढता यायचं. आजही सॅकचा पट्टा तुटला की आपण बोईसरच्या बाजारात शिंप्याकडे जाऊन 'नवार लावून दे' म्हणतो, ते उगाच नाही.

त्याच सुमारास नॉर्वेत ओले बर्गन. हा शिकारीला गेला असताना पाठीवरची पिशवी त्रास देत होती. त्याने जुनिपरची फांदी पाठीच्या आकारात वाकवली आणि पिशवी तिच्यावर बांधली. पुढे त्याने नळीची फ्रेम केली, १९०९मध्ये पेटंट घेतलं. ब्रिटिश सैनिक आजही मोठ्या सॅकला 'बर्गन' म्हणतात, आपण झेरॉक्स म्हणतो तसं.

अमेरिकेत लॉइड नेल्सनने अलास्कातल्या मूळ रहिवाशांकडची फ्रेम पाहिली, काठ्या आणि सीलच्या कातड्याची. तिच्यावरून त्याने लाकडी फ्रेम आणि ताणलेलं कॅनव्हास असं बनवलं आणि १९२४मध्ये पेटंट मिळवलं. ही 'ट्रॅपर नेल्सन' सॅक पुढची कित्येक वर्षं धो धो विकली गेली. निदान एक आहे की ती 'इंडियन पॅक बोर्ड' म्हणून विकली जायची, म्हणजे मूळ कुणाचं हे नावात तरी होतं. ताणलेल्या कॅनव्हासमुळे फ्रेम पाठीला टोचत नाही आणि मधून वारा खेळतो. आज हजारो रुपयांच्या सॅकवर 'व्हेंटिलेटेड जाळीची पाठ' असं लिहिलेलं असतं ना, ते हेच.

आणि मग डिक केल्टी. कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेलचा हा माणूस. एकदा डोंगरात फिरताना डिक आणि त्याच्या मित्राने लाकडी फ्रेमची खालची टोकं जीनच्या मागच्या खिशात खोचली. एकदम खांदे हलके झाले! वजन कमरेवर गेलं. झालं, एवढाच तो शोध. घरी येऊन त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून पाठीच्या वळणाची फ्रेम बनवली, कमरेला पट्टा जोडला, आणि नायलॉनची पिशवी शिवली त्याच्या बायकोने, नीना केल्टीने. १९५२मध्ये त्यांनी २९ सॅक विकल्या, प्रत्येकी २४ डॉलरला. गॅरेजमध्ये स्टार्टअप हा प्रकार कॉम्प्युटरवाल्यांनी सुरू केला असा आपला समज असतो, त्याला हा छोटासा छेद. नीनाचं नाव मी मुद्दाम लिहिलंय, कारण बऱ्याच ठिकाणी ते गाळलेलं दिसतं आणि शिवणकामाशिवाय ही सॅक म्हणजे नुसता ॲल्युमिनियमचा सांगाडा.

यात वेळही जुळून आली होती. नायलॉन १९३५मध्ये प्रयोगशाळेत बनलं, दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी वापरलं गेलं, आणि विमानांमुळे हलकं ॲल्युमिनियमही उपलब्ध झालं. भिजलं की जड होणारं कॅनव्हास आणि लाकूड एकदम मागे पडलं.

१९६३मध्ये अमेरिकन मोहीम एव्हरेस्टवर गेली तेव्हा त्यांच्याकडे केल्टीच्या सॅक होत्या. आता इथं जरा थांबू या. त्याच मोहिमेचं सामान काठमांडूकडून वर न्यायला सुमारे ९०० पोर्टर होते. त्यांच्याकडे केल्टी नव्हती. त्यांच्याकडे होता डोको, म्हणजे वेताबांबूची निमुळती टोपली, आणि नाम्लो, म्हणजे कपाळावरून जाणारी पट्टी. खांद्याला पट्टा नाही, कमरेला पट्टा नाही, सगळं वजन कपाळावरून मानेच्या कण्यावर. जगातली सर्वांत आधुनिक फ्रेम आणि कदाचित सर्वांत जुनी पट्टी एकाच वाटेवर, आणि जास्त वजन कुणाच्या पाठीवर होतं ते सांगायला नको.

२००५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. नामचे बाजारच्या वाटेवर संशोधकांनी पोर्टरना थांबवून त्यांचं आणि ओझ्याचं वजन केलं. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेत होते, बायका ६६ टक्के. म्हणजे साठ किलोचा माणूस छप्पन्न किलो घेऊन, चढाच्या वाटेवर, कित्येक दिवस. आणि त्यांची ऊर्जा पाठीवर सॅक घेतलेल्या पाश्चात्त्य माणसाच्या तुलनेत कमी खर्च होत होती. ते हळू चालतात आणि वारंवार थांबतात. थांबताना टी आकाराची काठी टोपलीखाली टेकवतात, म्हणजे ओझं उतरवायचंही नाही. केल्टीचा शोध म्हणून काही कमी होत नाही, पण 'सॅकचा इतिहास' या नावाखाली जे काही वाचायला मिळतं त्यात हे लोक कधीच नसतात याचं मला नवल वाटतं.

आपल्याकडे यायचं तर भारतीय संशोधकांनी १९७१मध्ये फार छान प्रयोग केला होता. दत्ता आणि रामनाथन यांचा. ३० किलो ओझं, सपाट जमीन, ताशी ५ किमी वेग, आणि ओझं नेण्याच्या सात पद्धती. कोणत्या पद्धतीत ऊर्जा किती जाते ते मोजलं. सर्वांत स्वस्त पद्धत निघाली ती पुढे एक आणि मागे एक अशी दुहेरी पिशवी. तिला १०० धरलं तर डोक्यावर १०३, रुकसॅक १०९, कपाळपट्टी ११४, तांदळाच्या पोत्यासारखं पाठीवर घेतलेलं ११५, कावड १२९ आणि दोन हातांत धरलेलं १४४.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खुर्चीतच सरळ बसलो. कारण पुढे एक मागे एक म्हणजे पडशी! मध्ये तोंड असलेली लांब कापडी पिशवी, खांद्यावर टाकली की अर्धी छातीवर आणि अर्धी पाठीवर. वारकऱ्यांच्या, फिरस्त्यांच्या खांद्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या होती. गुरुत्वमध्य शरीराच्या रेषेतच, मागे ओढणं शून्य, वाकायची गरज नाही. वरच्या हिशेबातले सव्वापाच किलो एका फटक्यात गायब.

मग ट्रेकर लोक पडशी का नाही घेत? कारण पुढची पिशवी मोठी झाली की पाय दिसत नाहीत, आणि सह्याद्रीत पाय दिसले नाहीत तर काय होतं ते काळदुर्गच्या उतारावर पावसाळ्यात एकदा बघा. श्वासाला अडचण होते, उकडतं, आणि कातळावर चढायचं तर छाती कातळाला लागायला हवी. सपाटीवर जिंकणारं डिझाइन डोंगरात हरतं. बाकी विरार-डहाणू लोकल २०१३च्या एप्रिलपासून सुरू झाली, तेव्हापासून बोईसरचे सगळे नोकरदार गर्दीत सॅक छातीवर घेऊन उभे असतात. ती पडशीची अर्धी आवृत्ती म्हणायला हरकत नाही, फक्त मागच्या अर्ध्या भागाऐवजी मागे दुसऱ्याची सॅक असते.

कावडीचा आकडा वाईट आला, १२९. पण कावड बिचारीने नुसती ऊर्जा वाचवायला जन्म घेतलेला नाही. शिखर शिंगणापूरची यात्रा कुणी बघितली असेल तर कळेल. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडची भुतोजी तेल्यांची कावड मुंगी घाटातून वर जाते. कऱ्हेचं पाणी शंभू महादेवाला. घाट इतका उभा की लोक एकमेकांना धरून साखळी करतात आणि ती अवजड कावड अक्षरशः हातोहात वर ओढली जाते. इथं फ्रेम लाकडाची आणि पट्टे माणसांचे.

साध्या कावडीचं एक आणखी आहे. लवचिक बांबू चालताना वरखाली झुलतो. १९९१मध्ये रॉजर क्रॅम या संशोधकाने लवचिक दांड्यांवर प्रयोग केला. ऊर्जा काही वाचली नाही, पण खांद्यावर बसणारा जास्तीत जास्त झटका मात्र कमी झाला. सॅक स्प्रिंगवर झुलती ठेवायची ही कल्पना २००५मध्ये लॉरेन्स रोम यांनी पुन्हा घेतली आणि झुलणाऱ्या ओझ्यापासून चालता चालता ७.४ वॅटपर्यंत वीज काढून दाखवली. भन्नाट प्रकार आहे, पण २० किलोच्या वर ओझं हवं. एवढं ओझं घेऊन मोबाइल चार्ज करण्यापेक्षा पॉवर बँक बरी.

परत केल्टीनंतरच्या गोष्टीकडे. बाहेरची फ्रेम मोकळ्या, आखलेल्या वाटेवर उत्तम. पण कातळावर चढताना, बर्फावर घसरताना ती झोके खाते आणि तोल जातो. १९६७मध्ये अमेरिकेतल्या ग्रेग लोव या गिर्यारोहकाने फ्रेम पिशवीच्या आत घातली. नळ्यांऐवजी पाठीच्या वळणाच्या पट्ट्या. शिवाय पाठीची लांबी कमी-जास्त करायची सोय, छातीवरचा आडवा पट्टा, बाजूने आवळायचे पट्टे, आणि खांद्यावरून तिरके वर जाणारे ते छोटे पट्टे जे ओढले की सॅकचं वरचं टोक पाठीकडे येतं. आज तुमच्या-माझ्या सॅकवर जे काही लोंबकळत असतं त्यातलं बहुतेक सगळं इथून आलंय. तो तिरका पट्टा म्हणजे वरच्या २० सेंमीचे १२ सेंमी करायचं यंत्र, बाकी काही नाही. आपल्यातले निम्मे लोक तो कधी ओढतच नाहीत.

आमच्या सरावलीत ओळखीच्या एका काकांच्या माळ्यावर अजून जुनी ॲल्युमिनियमची फ्रेमवाली सॅक आहे. त्यांना विचारलं, काका ही वापरणं का सोडलं? म्हणाले, "अरे, कारवीत अडकायची रे. पुढे मी आणि मागे सॅक कारवीत, असं बायकोसारखं भांडण." (काकूंनी हे ऐकलं नाही हे नशीब.) ग्रेग लोवला बर्फात जे कळलं ते काकांना कारवीत कळलं. आपल्या रानात अरुंद वाटा, घळी आणि कारवीचं दाट रान, त्यामुळे आतल्या फ्रेमची उभी, चिंचोळी सॅक इथं अगदी फिट बसली.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा, कमरेचा शोध कुणी लावला.

बोईसरहून पूर्वेला, महामार्ग ओलांडून विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे एप्रिल-मेमध्ये गेलात तर विहिरीपासून पाड्यापर्यंत बायकांची रांग दिसेल. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकर लागतो, हे आपल्या जिल्ह्याचं जुनं दुखणं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर दुसरा, आणि कमरेवर कळशी. त्या कळशीकडे नीट बघा. ती हातात धरलेली नसते, ती कमरेच्या हाडावर टेकवलेली असते, हात नुसता तिला आवळून धरतो. वजन हाडावर आणि आवळणं हाताचं. केल्टीच्या पट्ट्यात वजन हाडावर आणि आवळणं पट्ट्याचं. तत्त्व तेच! मूल कडेवर घेतात तेही तिथंच. १९५२मध्ये २४ डॉलरला विकलं गेलं ते तत्त्व आपल्या प्रत्येक आजीला पाठ होतं. कमतरता होती ती फक्त दुसऱ्या बाजूच्या कळशीची आणि मोकळ्या हातांची.

चुंबळीचंही तसंच. साधं कापडाचं वेटोळं, पण ते हंड्याचा गोल तळ आणि डोक्याचा गोल माथा यांच्यामधला टेका आहे, भार पसरवतं आणि हंडा स्थिर करतं. उशी आणि फ्रेम दोन्ही एकात.

पण इथं एक सावधगिरी हवी. १९८६मध्ये केनियातल्या बायकांवरचा अभ्यास गाजला होता. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं त्या डोक्यावर जवळजवळ फुकटात, म्हणजे जादा ऊर्जा न घालवता नेतात असं त्यात दिसलं. तेव्हापासून डोक्यावरच्या ओझ्याचं कौतुक करणारे लेख सतत येत असतात. २०१०मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवर पुन्हा प्रयोग झाले तेव्हा असा सरसकट फायदा दिसला नाही, उलट मानेच्या दुखण्यामुळे जास्त वजनाला त्या आधी थांबत होत्या. म्हणजे फुफ्फुसांनी तक्रार केली नाही तरी मानेने केली. वारली बाई मोळी घेऊन किती सहज चालते, असे फोटो आपल्यापैकी काही जण ट्रेकच्या अल्बममध्ये टाकतात, ते मला म्हणूनच पटत नाहीत. ते सहज नाही. तिच्याकडे दुसरा पर्याय नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९१च्या सुमारास ९० लिटर पाणी मावणारा, ढकलत न्यायचा ड्रम निघाला, हिप्पो रोलर. कल्पना झकास, पण त्याला वाट बरी लागते, मोखाड्याच्या विहिरीच्या उतारावर तो चढवायचा कसा? तिथं नळच हवा.

ओझं हा शब्द आपल्या कायद्यातही आहे. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आलाय. गोण्या माथ्यावर, पाठीवर वाहणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९मध्ये खास कायदा केला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे. मजुरी, नोंदणी, भविष्यनिर्वाह असं बरंच त्यात आलं. पण ओझं वाहण्याचं साधन? तारापूर एमआयडीसीत ट्रक रिकामा होताना कधी बघा, पाठीवर दुमडलेलं पोतं आणि त्यावर गोणी. सत्तर लिटरच्या सॅकला ऑस्ट्रियातली नाहीतर नॉर्वेतली कुणीतरी पन्नास वेळा सुधारणा करतं, आणि रोज गोणी वाहणाऱ्याकडे पोत्याची घडीच. कारण उघड आहे, सॅक आपण विकत घेतो, गोणी वाहणाऱ्यासाठी कुणी काही विकत घेत नाही.

शाळेच्या दप्तराची गोष्टही याच खात्यातली. २०१५च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आदेश काढला की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, २०२०च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा आहे. २५ किलोच्या पोराला अडीच किलो. पण दप्तराला ना फ्रेम, ना कमरपट्टा, आणि पट्टे इतके सैल की सगळं कुल्ल्यावर आपटत असतं. २० सेंमी सोडा, गुरुत्वमध्य कुठच्या कुठे गेलेला असतो. तुमच्या घरी शाळेत जाणारं कुणी असेल तर आज संध्याकाळी दोन्ही पट्टे आवळून दप्तर वर घ्या आणि जाड पुस्तकं पाठीकडच्या कप्प्यात टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी सॅक घेणाऱ्यांसाठी, कारण मेलमध्ये हा प्रश्न कायम येतो. तुमची उंची विसरा, पाठीची लांबी मोजा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका टोचतो, तिथून खाली, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले की अंगठे मागे जिथं भेटतात त्या रेषेपर्यंत. पाच फूट दहाच्या माणसाची पाठ पाच फूट चारच्या बाईपेक्षा आखूड निघू शकते, मी स्वतः टेप लावून पाहिलंय. दुकानात सॅक रिकामी घालून आरशात बघू नका, आठ-दहा किलो काहीतरी भरायला लावा, दुकानदार कुरकुरेल. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळा, मग खांद्याचे, मग ते वरचे तिरके, सर्वांत शेवटी छातीचा. आणि कमरपट्टा नुसता पिशवीला शिवलाय की आतल्या पट्टीला जोडलाय हे हाताने दाबून तपासा. नुसता शिवलेला असेल तर तो सॅक हलू नये एवढंच काम करतो, वजन तुमच्या खांद्यावरच राहतं.